डब्याची थंडी उतरेपर्यंत

बासमतीच्या एका व्यापाऱ्याशी मी फोनवर भाव ठरवत होते, तेव्हा दिलीप दुकानात आला. माझा नवरा दुपारच्या वेळी कधी दुकानात येत नाही. मी हातानेच त्याला थांबायला सांगितलं, पण त्याने माझ्या हातातला फोन काढून घेतला, बंद केला आणि म्हणाला, "ओंकार वारला." मी विचारलं, "कोण ओंकार?" कारण मला माहीत असलेला एकच ओंकार साताऱ्याला आईकडे सुट्टीवर गेला होता, आणि तिशीतली मुलं सुट्टीवर गेली की चार किलोनं जाड होऊन परत येतात, मरत नाहीत. दिलीप काउंटरवरचा तराजू उगाच पुसत राहिला... तेव्हा मला कळलं.

दीड महिना झाला त्याला. लिहू नये असंच वाटत होतं, कारण मेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची पद्धत आहे आणि मी ओंकारवर रागावलेली आहे.

इथे परदेशात, हौगांगमध्ये, आमच्या ब्लॉकखाली माझं पिठांचं आणि भाजणीचं दुकान आहे. टॅम्पिनीसच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये चकल्या तळून मी सुरुवात केली, तेव्हा पाठीशी कोणी उभं नव्हतं. त्यामुळे माझ्या जिभेला धार आहे, हे मला माहीत आहे, गिऱ्हाइकांनाही माहीत आहे. चार वर्षांपूर्वी एक उंच, किडकिडीत मुलगा आत आला आणि म्हणाला, "काकू, गव्हाचा कोंडा मिळेल का? पण कसलंही औषध न लावलेला. एरंडेल नको, कडुलिंब नको, पावडर नको." मी म्हटलं, "का रे, पोट साफ होत नाही का?" तो शांतपणे म्हणाला, "माझं होतं. मला किड्यांना खायला घालायचंय." मी त्याला हाकललाच. धान्याच्या दुकानात उभं राहून किड्यांसाठी दाणापाणी मागणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. चार माणसं ऐकत होती. उद्या कोणी म्हटलं असतं, हिच्याकडे किडे पाळतात!

दुसऱ्या दिवशी तो परत आला, दुकान रिकामं असताना. त्याने सगळं सांगितलं. तो वन-नॉर्थला एका प्रयोगशाळेत संशोधन करत होता. भाड्याने घेतलेल्या खोलीत आधीचा भाडेकरू प्लास्टिकच्या टबात एक कासव सोडून गेला होता, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं. इथे सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी घरात ठेवायला कायद्याने बहुतेक तेवढंच चालतं. त्याची पाठ मऊ पडली होती. भाजीपाल्याबरोबर अधूनमधून द्यायला ओंकार पक्ष्यांच्या दुकानातून पिवळे, शेवयांएवढे किडे आणायचा. "पण किडा उपाशी असेल तर ते नुसतं टरफल आहे, काकू. किड्याने जे खाल्लं, तेच शेवटी कासव खातं. म्हणून किड्याचं जेवण चांगलं पाहिजे." मी विचारलं, कासवाचं नाव काय? म्हणाला, भाऊसाहेब. मला हसू आलं आणि तिथेच मी फसले. कोंड्याचा भाव मात्र सोडला नाही. त्यानेही माझ्याशी तासभर घासाघीस केली. माझ्याशी घासाघीस करणारी माणसं मला आवडतात.

त्याच्या घरमालकीण आंटीने "फ्रीजमध्ये किड्यांचं खाणं? कॅनॉट लाह!" म्हणून हात वर केले, तेव्हा तो कोंडा आमच्या वरच्या घरातल्या फ्रीजरमध्ये आला. माझाच चकल्यांचा स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा. दर रविवारी ओंकार यायचा. कोंडा आणला की आधी काही दिवस फ्रीजरमध्ये, म्हणजे त्यातली बारीक कीड आणि अंडी मरतात. मग डबा बाहेर काढून ओट्यावर ठेवायचा, आणि इथेच माझं आणि त्याचं पहिलं भांडण झालं. मी झाकणाला हात घातला आणि तो ओरडला. एवढा मवाळ मुलगा, पण ओरडला! "उघडू नका! आधी थंडी उतरू दे. आत्ता उघडलात तर हवेतलं पाणी आत कोंड्यावर बसेल, बुरशी धरेल. ती किड्याच्या पोटात, तिथून भाऊसाहेबांच्या." इथल्या हवेत सकाळी तळलेला पापड दुपारी मऊ पडतो, हे मला काय तो शिकवणार होता? पण मी थांबले. डब्याला बाहेरून घाम फुटायचा, थेंब ओघळायचे, मग हळूहळू तो कोरडा व्हायचा. तेवढा वेळ ओंकार माझ्या ओट्याला टेकून चहा प्यायचा आणि आईबद्दल, साताऱ्याबद्दल, लग्नाला नाही म्हणालेल्या मुलीबद्दल बोलायचा. मग आठवड्यापुरता कोंडा बरणीत काढायचा, गाजराच्या चकत्या पुसून कोरड्या करायचा. सिंकखाली माझं झुरळांचं औषध होतं, ते त्याने मला पार बाहेरच्या कपाटात न्यायला लावलं.

एकदा मी त्याच्या डब्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला घातला. मुद्दाम नव्हे. माझा हात धान्याच्या डब्याकडे गेला की पाला घालतोच, आईपासूनची सवय आहे. आठवड्याभरात किडे मलूल पडले, निम्मे मेले. ओंकारने सगळा कोंडा फेकून दिला, डबा धुतला, उन्हात ठेवला. मी वाट पाहत होते की हा आता बोलेल आणि मी त्याच्या दुप्पट बोलेन. तो म्हणाला, "काकू, तुमच्या घरात किडा जगणं म्हणजे जावयाने आठ दिवस राहण्यासारखं आहे." आमच्याकडे मूल नाही, जावई कुठून येणार? पण दिलीप इतका हसला की त्याला ठसका लागला. भाऊसाहेबांची पाठ पुढे दगडासारखी टणक झाली. ओंकार त्यावर टकटक करून दाखवायचा, जसं काही घर बांधलंय त्याने.

जाण्याआधी तो टब, कासव आणि किड्यांची पेटी घेऊन आमच्याकडे आला. वाळलेला दिसत होता. म्हणाला, महिनाभर सुट्टी आहे, आईकडे जातो, सांभाळाल का? मी म्हटलं, "फुकट नाही. दोन किलो कंदी पेढे." हे आमचं नेहमीचं होतं. त्याने अर्ध्या किलोपासून सुरुवात करायची, मी त्याच्या कंजूषपणाचा उद्धार करायचा. तो म्हणाला, "दीड आणतो." मी म्हटलं, बरं. आणि तेवढंच. पुढे एक शब्द नाही.

मी धंदेवाली बाई आहे. घासाघीस न करता गिऱ्हाईक हो म्हणालं की त्याचं लक्ष मालात नाही, हे मला झोपेतही कळतं. त्या दिवशी कळलं नाही.

दिलीपला कळलं होतं. चांगी विमानतळावर सोडायला तोच गेला होता, आणि टॅक्सीत ओंकारने त्याला रक्तातल्या आजाराचं सांगितलं, वर शपथ घातली. घरात दोन माणसं, त्यातल्या एकाला माहीत आणि मी भाऊसाहेबांचं पाणी बदलत पेढ्यांची वाट पाहतेय! मी कडाडून भांडले. दिलीप म्हणाला, "तो म्हणाला, काकूंना सांगितलं तर त्या विमानात येऊन बसतील."

"बसलेच असते!"

"डॉक्टरांशी भांडतील, म्हणाला."

"भांडलेच असते! दुसरे डॉक्टर शोधले असते, तिसरे शोधले असते. मला काय दुसरं येतं?"

दिलीप हळूच म्हणाला, "तो दमला होता गं. त्याला नको होतं ते." मला राग आहेच. आयुष्यभर मी दोन डॉलरच्या हळदीसाठी वाद घातला, आणि जिथे घालायला हवा होता तिथे मला कोणी बोलावलंच नाही. वाचला नसता, हे मला समजतं. तरी एकदा विचारायचं होतं मला, वरच्याला असो की डॉक्टरला, की यात काही कमीजास्त होतं का.

गेल्या आठवड्यात साताऱ्याहून येणाऱ्या कोणाबरोबर त्याच्या आईने डबा पाठवला. कंदी पेढे. फोनवर ती माउली म्हणाली, "जास्त देणार होते हो, पण तो शेवटी सांगून गेला, दीडच किलो दे, काकूंना फुकटचं चालत नाही." हे आईला सांगायला त्याला सुचलं. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसले. पेढे ठेवून घेण्यासारखे नसतात, बुरशी येते. मी ते ब्लॉकमध्ये वाटले, त्या आंटीलाही दिले. तिने विचारलं, "दॅट टर्टल बॉय?" आणि पेढा हातात धरून तशीच उभी राहिली.

भाऊसाहेब आधी बरेच दिवस खाईनात. आता खातात. काल रविवार होता. मी फ्रीजरमधून डबा काढला, ओट्यावर ठेवला. दोनदा दुकानातून फोन आला, मी घेतला नाही. भाऊसाहेब टबातून मान वर काढून बघत होते. दिलीपने न विचारता तीन कप चहा केला, मग एक परत पातेल्यात ओतला. डब्याला घाम फुटला होता. थेंब ओट्यावर उतरत होते, आणि मी, जिने आजवर कोणासाठी थांबून पाहिलं नाही, हात मांडीवर ठेवून बसले होते, झाकणाला न शिवता.