गच्चीवरचं शेडनेट

समोरच्या बंगल्यातले काका दोन उन्हाळे गच्चीवरच्या रोपांसाठी शेडनेट निवडत होते. मूळचे करमाडकडचे, घरची शेती, त्यामुळं ऊन-पाण्यातलं आपल्याएवढं कुणाला कळत नाही, असा त्यांचा थाट. छावणी भागातल्या दुकानातून हिरवी जाळी आणायचे, उजेडाला धरून बघायचे, चिमटीत चोळायचे आणि परत करून यायचे.

"माल दमदार नाय," एवढंच म्हणायचे.

तोवर काकूंची रोपं वाळून जायची. तेही काका गल्लीभर सांगत फिरायचे, जणू रोपांनीच जरा दम धरायला हवा होता.

यंदा एकदाचं शेडनेट उभं राहिलं आणि काकांनी मला ऐन दुपारी बघायला बोलावलं. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर दुहेरी जाळी, खाली चकचकीत फरशी, मधोमध खुर्ची आणि खुर्चीत बनियनवर काका. आत झाड एकही नव्हतं.

"काकूंच्या कुंड्या कुठं गेल्या?" मी विचारलं.

"बाहेर हायेत की. आत ठेवल्या तर माती लई सांडती हो."

बाहेर रणरणत्या उन्हात कुंड्यांची रांग होती. काकूंनी कुंड्यांतच काठ्या रोवून वरून आपली जुनी सुती साडी बांधली होती. तिच्या सावलीत मोगरा भरभरून फुलला होता.

काका उठले. त्यातलं एक फूल तोडून त्यांनी हुंगलं आणि माझ्यापुढं धरलं.

"बघा," ते म्हणाले, "आपल्या शेडनेटचा गारवा कुठवर पोचलाय!"