पाखरं राखायचा आवाज

लग्नाआधी मी मिळेल ते काम केलं. लोकांच्या ज्वारीतली पाखरं राखली, शेजाऱ्यांच्या शेळ्या वळल्या, मंठ्याच्या बाजारात चुलतीच्या घोंगड्यांसाठी गिऱ्हाईकं हाका मारून बोलावली. सगळी कामं घशाचीच.

सासरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ न्हाई." वर्षभर मी मान हलवूनच बोलले.

मग ज्वारी दाण्यावर आली, पाखरं तुटून पडली. सासूबाईच म्हणाल्या, "जल्दी मचाणावर जा, वरडून हाकल त्यांना."

शेत घराला लागूनच होतं. गोफण फिरवत मी पाखरांना खादाड म्हणाले, आयतखाऊ म्हणाले, वर्षभराचं साठलेलं सगळं बोलले. सासूबाई अंगणात बसून ऐकत होत्या. पाखरांना बोलू नको, असं काही त्यांना म्हणता येईना.