ड्रायरच्या वहीतली दुरुस्ती

लिहिण्याचे धाडस करतो आहे, याबद्दल आधी क्षमा मागतो. अंबरनाथच्या एका औषध कारखान्यात, दस्तऐवज विभागात माझी सगळी नोकरी झाली. तिथे मी पुष्कळ लिहिले, सगळे इंग्रजीत, आणि त्यात 'मी' हा शब्द कधी आला नाही. 'असे करण्यात यावे', 'तसे करण्यात येऊ नये' एवढ्यावर माझे भागत असे. आता पासष्टी ओलांडल्यावर, कात्रपच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून, पहिल्यांदाच स्वतःविषयी काही लिहितो आहे. या वयात हे शोभत नाही असे ज्यांना वाटेल त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मलाही तसेच वाटते.

निवृत्त झाल्यावर एका शेजाऱ्याच्या ओळखीने मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका इंग्रजी संभाषणाच्या क्लासात शनिवारी दुपारी जाऊ लागलो. खाली शिलाई यंत्रे दुरुस्त करण्याचा कारखाना, वर क्लास. पाटीवर 'फाडफाड इंग्लिश' असे लिहिले होते, आणि आत भाषेचे जे होत असे ते पाहता पाटी खोटी नव्हती. मालक पस्तिशीचा सिंधी गृहस्थ होता. स्वभावाने गोड, व्याकरणाने निरक्षर. शिकवण्याचे काम त्याने दोन मुलींवर सोपवले होते आणि मला 'शंकांचा तास' दिला होता. पहिल्याच दिवशी त्याने मला समज दिली.

"अंकल, रूल बताना, रीझन मत बताना. रीझन सुनके बच्चे कन्फ्यूज हो जाते हैं."

त्या बच्च्यांपैकी दोघांना नातवंडे होती.

मला शंकांची चीड होती, हे मी लपवणार नाही. दर शनिवारी त्याच येत. 'सिन्स' केव्हा आणि 'फॉर' केव्हा. 'डिड' आल्यावर 'वेंट' का चालत नाही. मोबाइलची कव्हरे विकणाऱ्या एका तरुणाने विचारले, "सर, 'मे आय' बोलायचं की 'कॅन आय'?" मी दोन्हींतला फरक पाच मिनिटे समजावून सांगितला. तो म्हणाला, "ते ठीक आहे सर, पण इंटरव्ह्यूमध्ये वजन कशाचं पडतं?" एका बाईंना 'आय ॲम हॅविंग टू सन्स' चूक आहे हे काही केल्या पटेना.

"आमच्यात सगळे असंच बोलतात."

"सगळे चुकतात."

"मग सगळ्यांना समजतं कसं?"

या प्रश्नाला उत्तर होते आणि ते देण्यासारखेही होते. मी "पुढचा प्रश्न" म्हणालो. भाषेच्या दारावरचा पहारेकरी ओळखीचा निघाला की या मंडळींचे काम झाले. आत काय आहे याची कोणाला उत्सुकता नव्हती.

आणि पहारेकरी तरी कोण? ज्यांच्यासमोर उभे राहण्यासाठी हे लोक घाम गाळत होते, त्या साहेबांचे इंग्रजी मी तीस वर्षे तपासले आहे. 'प्लीज डू द नीडफुल' आणि 'रिव्हर्ट बॅक' या दोन कुबड्यांवर ते चालत असे. 'डिस्कस अबाउट' लिहून खाली एवढी मोठी सही ठोकायची, की व्याकरणानेच मान खाली घालावी. त्यांना शंका विचारायला कोणी कधी सांगितले नाही. या दोन्ही जमातींविषयीचा तिरस्कार मी मनात व्यवस्थित लावून ठेवला होता. स्वतःला मात्र कोणत्याच जमातीत घातले नव्हते.

अशा एका शनिवारी तास संपल्यावर तिशीतल्या एक बाई माझ्या टेबलापाशी आल्या.

"सर, तुम्ही मना वलखत नाय. मी मोरिवलीची. तुमचेच कंपनीन हाय, ड्रायरवर. भिंतीवरचे कागदावर अजून तुमची सही हाय."

मोरिवली म्हणजे कारखान्यांच्या कुंपणाला टेकलेले जुने गाव. त्यांच्या सासऱ्यांची शेते त्याच कुंपणाच्या आत गेली होती. बाईंनी सात वर्षे पॅकिंगला काढली. गोळ्यांची पाकिटे खोक्यात भरायची, पूर्ण पाळी उभ्याने. मग वर्षापूर्वी त्यांना ड्रायरवर नेले. ओली पूड सुकवणाऱ्या त्या यंत्राचे तापमान दर तासाला वहीत लिहायचे, आणि काही वेगळे घडले तर इंग्रजीत एक ओळ लिहायची. तिथे खुर्ची होती, टेबल होते, दोरीने बांधलेले पेन होते. पॅकिंगच्या बायका या बढतीला 'वहीवर बसणे' म्हणत. मात्र विभागप्रमुखांनी बजावले होते, की वर्षअखेरीस इंग्रजी सुधारलेले दिसले नाही तर वही दुसऱ्याकडे जाईल. ती खुर्ची टिकवायची म्हणून बाई पाळी संपवून कॅम्प चारपर्यंत येत होत्या.

पुढच्या शनिवारी त्यांनी वहीतल्या तीन ओळी उतरवून आणल्या. मी त्या सगळ्या वर्गाला वाचून दाखवल्या. 'टेंपरेचर वॉज रेज. आय हॅव इन्फॉर्म टू मेंटेनन्स. नाऊ इट इज केम डाउन.' मग म्हणालो, "परदेशी तपासनीस हे वाचेल तेव्हा त्याचंच टेंपरेचर चढेल."

वर्ग हसला. आयुष्यभर मी चारचौघांत तोंड उघडायला कचरलेला माणूस. माझ्या वाक्यावर एक अख्खी खोली हसते आहे हा अनुभव नवा होता आणि, सांगताना लाज वाटते, मला तो आवडला. म्हणून मी थांबलो नाही. एकेक ओळ फळ्यावर दुरुस्त केली आणि शेवटी म्हणालो, "असली वाक्यं वहीत राहू देणं म्हणजे कंपनीची बेअब्रू आहे." बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावरचे सगळे उतरवून घेतले, आणि माझे ते शेवटचे वाक्यही.

त्यानंतरचे दीड-दोन महिने त्यांच्या शंका एकाच दिशेच्या होत्या. 'वॉज स्टॉप' लिहिले असेल तर काय करायचे, 'इज केम' लिहिले असेल तर काय करायचे. प्रगती होते आहे असे मी समजलो. मालक तर खूश होता. "अंकल, ये मोरिवलीवाली मॅडम का फोटो अपन पोस्टरपे डालेंगे."

मग एका शनिवारी बाईंनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. कारखान्याची नोटीस होती. नोंदीत फेरफार केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला होता.

औषध कारखान्यात एक नियम सगळ्यांच्या वर असतो: वहीत एकदा लिहिलेले बदलायचे नाही. चुकलेच तर एक आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचे वाचता यावे. शेजारी बरोबर ते लिहून सही, तारीख आणि कारण द्यायचे. अक्षर गिरवणे, मध्ये घुसवणे, पुसणे हे सारे फेरफार या एकाच सदरात मोडते, आणि त्यासाठी माणसाला घरी पाठवतात. ड्रायरची वही भरेपर्यंत त्याच टेबलावर राहते. बाईंनी मागची अकरा पाने उघडून आपले इंग्रजी दुरुस्त केले होते. 'रेज'च्या पुढे एक बारीकसा 'डी' घातला होता. नको असलेला 'टू' गिरवून बुजवला होता. दोरीचे काळे पेन नीट उमटेना, म्हणून पर्समधले निळे घेतले. म्हणून ते सापडले.

"आकड्याला हात नाय लावला, सर," त्या म्हणाल्या. "आकडे हायेत तसेच हायेत. इंग्रजी चुकीचा होता, तो बरोबर केला. तुम्हीच बोल्लात ना, बेअब्रू हाय म्हणून."

"नियम शिकवला नव्हता का तुम्हाला?"

"शिकवला ना. आकडा बदलायचा नाय, खोडायचा नाय. मी खोडला कुठं? नीट केला."

"भिंतीवर सगळं लिहिलंय."

"तो तुमचा कागद, सर. इंग्रजीन हाय."

तो माझाच कागद होता. चाळीस ओळी, एकही चूक नसलेल्या. कामगारांनी त्याखाली सह्या करायच्या आणि कामाला लागायचे, ही पद्धत मीच घालून दिली होती. हा कागद मराठीत लावावा असे एका पर्यवेक्षकाने एकदा सुचवले होते. मराठीत त्यातली अचूकता राहणार नाही, असे उत्तर मी त्याला दिले होते.

नोटिशीची पहिली ओळ 'इट हॅज बीन केम टू अवर नोटीस' अशी होती. तिच्याखाली कंपनीचा शिक्का होता, त्यामुळे तिला चूक म्हणायची सोय नव्हती.

गुणवत्ता विभागाचा आजचा प्रमुख एके काळी माझ्या हाताखाली होता. मी त्याला फोन केला.

"बोला साहेब."

मी प्रकरण सांगितले. त्याला ते माझ्याहून चांगले ठाऊक होते.

"साहेब, ओव्हररायटिंग ते ओव्हररायटिंग. मला हे कोणी शिकवलं?"

"अरे, त्यांनी भाषा सुधारली आहे. एकही आकडा हललेला नाही."

"आज अक्षर घातलं, उद्या शून्य घालतील. हे पण तुमचंच वाक्य आहे, साहेब."

मी म्हणालो, की बाईंनी हे माझ्या बोलण्यावरून केले.

"मग तसं लेखी द्या की."

मी एक दिवस घेतला. त्या कारखान्यात माझ्यामागे उरलेली एकच गोष्ट म्हणजे तो नियम; तो मोडायला मीच भरीस घातले, असे माझ्याच सहीने लिहायचे होते. शेवटी दोन वाक्ये मराठीत लिहून गेटवर नेऊन दिली. संध्याकाळी त्याचा फोन आला. "मराठीत? साहेब, तुम्ही?" पण त्याने ते कागदपत्रांना जोडले.

खुलासा मात्र बाईंचा बाईंनीच द्यायचा होता, आणि इंग्रजीतच. मुदतीच्या आदल्या दिवशी त्या तो लिहून आमच्या घरी घेऊन आल्या. मी वाचला. 'सर, आय ॲम नॉट चेंज एनी फिगर. आय वॉज शेम फॉर माय इंग्लिश. माय सर टेल दिस इज बॅड नेम फॉर कंपनी. सो आय मेक इट करेक्ट. आय डोन्ट नो करेक्ट इज ऑल्सो राँग.' बरोबर करणे हीसुद्धा चूक असते हे मला ठाऊक नव्हते, असे त्यांना म्हणायचे होते, आणि ते त्यांनी म्हटले होते. तीस वर्षांत त्या कारखान्यात इतके स्पष्ट इंग्रजी माझ्या टेबलावर आले नव्हते. प्रत्येक वाक्यात चूक होती.

"एक शंका हाय, सर," त्या म्हणाल्या. "'आय फेल्ट शेम' घालायचा का 'आय वॉज फीलिंग शेम'? मना लाज एकदा नाय वाटली. सारखी वाटत होती."

इतक्या शनिवारांत, नियम बाजूला ठेवून विचारणाऱ्याकडे पाहावे लागले अशी ही पहिली शंका. मी हातात पेन घेतले होते. ते खाली ठेवले.

"काही बदलू नका. आहे तसंच द्या."

"चुका हायेत ना पण."

"मी दुरुस्त केलं तर ते माझं इंग्रजी होईल. तिथले लोक ते ओळखतात. म्हणतील, दुसऱ्याकडून लिहून आणलं."

"नक्की ना, सर?"

मी नक्की म्हणालो. अशा ठाम आवाजात मी फार थोड्या वेळा बोललो आहे.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"वाचला त्यांनी. मोठ्यानी वाचला, सगळ्यांसमोर. हसले." आवाज सपाट होता. "मंग मोठे साहेब बोल्ले, बाईचे मनान खोट नाय. एवढा वाईट इंग्रजी कोण दुसऱ्याकडून लिहून आणल? नोकरी राहिली, सर."

हसणाऱ्यांपैकी निदान दोघांची पत्रे मी वर्षानुवर्षे सुधारून दिली आहेत. त्या पत्रांखाली माझे नाव कधी आले नाही, आणि त्या दोघांची बढती कधी अडली नाही.

"आणि ड्रायर?" मी विचारले.

"तोच कागद हातान धरून बोल्ले, असा इंग्रजी असल तर वहीवर बसवता येनार नाय. एक बीएस्सीवाली पोरगी आली हाय तिथं. मी परत पॅकिंगला. उभी."

त्यांनी मला दोष दिला नाही. उलट आभार मानले, आणि ते मला सोसवले नाही. क्लासात त्या पुन्हा आल्या नाहीत. मालकाने विचारले, "अंकल, वो पोस्टरवाली मॅडम किधर गई?" मी सांगितले, की त्यांच्या सगळ्या शंका फिटल्या. त्याला ते खरे वाटले. अशा ठिकाणी असलीच उत्तरे खरी वाटतात.

त्या कागदातल्या चुकांनी त्यांची नोकरी वाचवली आणि त्याच चुकांनी खुर्ची घालवली. मी पेन चालवले असते तर दोन्ही राहिल्या असत्या, किंवा दोन्ही गेल्या असत्या. मी पुष्कळ विचार केला आणि मला ठरवता आलेले नाही. तुम्ही माझ्या जागी असता, तर तो कागद दुरुस्त करून दिला असता का?