देवीच्या कुंडाचे पाणी आणि पंचायतीची नोंदवही

दिवस शून्य: मुंबईच्या इस्पितळात, माझ्याच रक्तातून काढून गोठवून ठेवलेल्या मूळ पेशी मला परत चढवण्यात आल्या. रक्ताच्या कर्करोगावरील या उपचाराची सारी मोजणी याच दिवसापासून होते.

दिवस सत्तेचाळीस: कशेडी घाटाच्या पायथ्याच्या आमच्या वाडीत, स्वतःच्या घरी परतलो.

दिवस त्रेसष्ट: पहाटे हुडहुडी, ताप आणि जुलाब.

दिवस चौसष्ट: पुन्हा मुंबईत दाखल. सलाइन, इंजेक्शने, काचेची खोली.

दिवस अठ्ठ्याहत्तर: पुन्हा घरी.

जबाबदार इसम, मी त्या वेळी वहीत लिहिले त्या क्रमाने: आमचे ग्रामसेवक; पंचायतीचा शिपाई; ज्याच्याकडून गोळ्या येत तो महाडचा औषधविक्रेता; मला बघायला आलेले समस्त ग्रामस्थ; आणि माझी पत्नी.

ही यादी पुढे बदलावी लागली. कशी बदलली, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

पोलादपूरच्या कचेरीबाहेर एका लाकडी टेबलावर बसून मी तीसहून अधिक वर्षे लोकांचे अर्ज लिहिले. फेरफार, वारस, रस्ता अडवल्याच्या तक्रारी. या धंद्यात एक सवय जडते. समोरचा जे सांगतो ते आपण लिहितो आणि जे सांगत नाही ते मनात टिपून ठेवतो. ही सवय निवृत्तीनंतर गेली नाही आणि आजारपणात तर ती चौपट झाली.

इस्पितळातून निघताना डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून स्पष्ट सांगितले होते. "काका, तुमची जुनी प्रतिकारशक्ती आम्ही औषधाने पुसून टाकली आहे. नवी अजून रांगते आहे. निदान शंभर दिवस तरी तान्ह्या मुलाला जपतात तसे स्वतःला जपा. कच्चे काही खायचे नाही, गुरांजवळ जायचे नाही, माणसांची गर्दी नको. आणि पाणी उकळलेलेच. एखादा साधा जंतूसुद्धा तुम्हाला नेऊ शकतो."

शेवटचे वाक्य मी कलमासारखे पाठ केले. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारामागे एक तक्ता लावला. तारीख, पाणी उकळायला ठेवल्याची वेळ, उकळी फुटल्याची वेळ, उतरवल्याची वेळ, सही. पत्नी तक्त्याकडे पाहत म्हणाली, "अहो, हे घर हाय की कोर्ट?"

"सही कर."

"करते. पण तुमची नजर पाण्यावर ठेवा. माझ्यावर ठिवायची वेळ तरुणपणी होती, तेव्हा ठिवली नाय."

ती हसली. मी हसलो नाही. गॅस वाचवण्यासाठी ती पाणी लवकर उतरवत असेल, असा मला संशय होता आणि तो मी घड्याळ हातात धरून तीन दिवस तपासला. ती एकदाही खोटी ठरली नाही. तरीही यादीतून मी तिचे नाव काढले नाही.

आमच्याकडे आजारी माणूस घरी आला की वाडीने त्याला बघायला जायचे, ही रीत आहे. न जाणे हा अपमान समजतात. मी आतल्या खोलीत तोंडाला फडके बांधून बसे आणि लोक ओटीवर. खिडकीतून प्रत्येकाला विचारी: सर्दी आहे का, घरात कोणी तापले आहे का, गोठ्यातून थेट आलात का. एक म्हातारा शेजारी म्हणाला, "आरं, बघाय आलो नि साक्षीलाच उभा राहिलो. आता शपथ घ्यायची का?" ओटीवर सगळे हसले. त्याला खोकला होता, हे मी वहीत लिहून ठेवले.

वाडीचे पिण्याचे पाणी देवळामागच्या दगडी कुंडातून येते. कुंड देवीचे. वरच्या डोंगराचा झरा त्यात उतरतो आणि उन्हाळ्यातही आटत नाही. पावसाळ्यात मात्र त्यात चारी बाजूंनी ओहोळ येतात, म्हणून पंचायतीने त्यात जंतुनाशक पावडर टाकणे बंधनकारक आहे. मी आरोग्य केंद्रातून तपासणीची लहान बाटली मागवून घेतली. पेल्यात पाणी घ्यायचे, त्यात थेंब सोडायचे. पावडर असेल तर पाणी पिवळे होते. कुंडाच्या पाण्याचा रंग बदलला नाही. दुसऱ्या दिवशीही, आठव्या दिवशीही. मी शिपायाला बोलावले.

"काका, मी रोज टाकतो. वहीत सही हाय."

"मग पाणी पिवळे का होत नाही?"

"वरून नवं पानी येतं ना. धुवून जातं."

"आणि पावडरचा वास?"

"वारा किती हाय वर," तो म्हणाला आणि माझ्या डोळ्यांत बघायचे टाळून त्याने छत्री झटकली. मी त्याच दिवशी ग्रामसेवकांना लेखी पत्र पाठवले. पोच घेतली. उत्तर आले नाही. तरीही मी निर्धास्त होतो, कारण पावडर नसली तरी माझे पाणी उकळलेले होते, तक्ता भरलेला होता आणि सही खरी होती.

त्रेसष्टाव्या दिवशी पहाटे मला हुडहुडी भरली. दातांवर दात आपटत होते. जीप मिळाली ती आठ वाजता. शिपायानेच मला पाठीवर घेऊन चिखलातून रस्त्यापर्यंत नेले आणि तो जीपमध्ये माझ्याजवळ बसला. कशेडीत रात्री दरड आली होती, तिची माती आमच्या फाट्याच्याही खाली उतरली होती. ट्रक एकामागे एक उभे. आम्ही तीन वाजेपर्यंत तिथेच होतो. त्याने माझे डोके मांडीवर घेतले होते आणि ट्रकवाल्यांशी भांडत होता. "पेशंट हाय रे, जरा बाजूला घे." हे मी कृतज्ञतेने लिहितो. त्याच वेळी हेही लिहितो की, सकाळी आठपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत हा मनुष्य माझ्या नजरेसमोर होता.

महाडला तात्पुरते उपचार झाले आणि रात्रभर प्रवास करून मुंबई गाठली. तपासणीचा निष्कर्ष आला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा जंतू घाण पाण्यातून येतो. पाणी उकळत होता ना?"

मी तक्त्याची नक्कल त्यांच्या हाती दिली. ती सोबत आणलीच होती. त्यांनी ती वाचली, माझ्या पत्नीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मग उकळल्यानंतर काहीतरी घडले आहे." पत्नी मान खाली घालून उभी होती. माझ्या मनात काय चालले आहे ते तिला कळत होते. मी एक शब्द बोललो नाही, आणि ते न बोलणे हाच आरोप होता.

घरी परतल्यावर मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. कायदा तेव्हा नवा होता आणि कचेरीत त्याची धास्ती होती. मागितले ते असे: कुंडात पावडर टाकल्याच्या नोंदवहीची नक्कल, आणि कुंडाच्या पाण्याबाबत पंचायतीने केलेले सर्व ठराव व त्यांसोबतची कागदपत्रे.

उत्तर येण्याआधीच खरी गोष्ट आमच्या स्वयंपाकघरात उघड झाली. दुपारी जेवणानंतर मी पत्नीची पुन्हा चौकशी करत होतो. उकळलेले भांडे कुठे ठेवतेस, झाकण कोण काढते. माझी वहिनी, थोरल्या भावाची विधवा, शेजारी तांदूळ निवडत बसली होती. आयुष्यभर आमच्याच घरात राहिलेली, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. ती सूप खाली ठेवून म्हणाली, "तिला काय इचारता, भावजी? झाकण मीच काढीत होते."

"कशाला?"

"पानी घालाय. उकाळलेलं पानी मेलेलं असतं. तुमच्या अंगात ताकद कुठून यायची त्यातून? रोज सकाळी कुंडावर जाऊन देवीला हात जोडायचे नि पेलाभर जिवंत पानी आणून तुमच्या भांड्यात ओतायचं. देवीनं तर तुमाला राखलं."

पत्नी म्हणाली, "अगो बाय, मला का नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू दिलं असतंस का घालाय?"

मग मी विचारले, त्या पाण्यात घाण असू शकते हे तुला कधी वाटले नाही का. वहिनी माझ्याकडे नवलाने पाहत राहिली. "देवीच्या पान्यात? आवो, तुमीच तर लिवून दिलं होतं ना पंचायतीला, का यात औषीद टाकायचं नाय. आमी सगळ्यांनी अंगठे उठवले. तवापास्नं कुनी टाकलं नाय. म्हनून तर त्या पान्यावर माझा इश्वास."

आठवड्याने टपालाने नकला आल्या. त्यांत तो अर्ज होता. कित्येक वर्षांपूर्वीचा. खाली चाळीसभर अंगठे आणि चार सह्या, आणि वर माझे अक्षर. "सदर कुंड हे ग्रामदेवतेचे पवित्र स्थान असून त्यात कोणतेही रासायनिक द्रव्य टाकल्यास समस्त ग्रामस्थांच्या श्रद्धेस बाधा पोहोचेल." वाक्य मजबूत होते. मी तेव्हा असे शेकडो अर्ज लिहीत असे आणि घरी जाताना त्यांपैकी एकही माझ्या लक्षात राहत नसे. अर्जाच्या समासात तत्कालीन ग्रामसेवकांचा शेरा होता: "मान्य. अभिलेखात नोंदी नियमित ठेवाव्यात."

अभिलेखही सोबत होता. रोजची नोंद, रोजची सही. पावसाळ्याचे सगळे महिने एकाच शाईत, एका बैठकीत भरल्यासारखे. माझ्या त्रेसष्टाव्या दिवसाची नोंद मी तीनदा वाचली: "सकाळी नऊ वाजता कुंडात पावडर टाकली." नऊ वाजता शिपाई जीपमध्ये माझे डोके मांडीवर घेऊन बसला होता.

मी त्याला ती नक्कल दाखवली. त्याने ती हातात घेतली नाही. "काका, पावडरच्या पिशव्या मी गटारात वततो. सायेब म्हनले, लोक कुंडात टाकू देत नाय नि वरून तपासनी येते, तर सही मार. मी सही मारतो. पोटाचा प्रश्न हाय. पन कुंडाचं कच्चं पानी तुमच्या पोटात जाईल, हे मला म्हायती नव्हतं. तुमचं उकाळलेलं हाय असं काकी सांगत होत्या."

"तू मला खोटे बोललास."

"बोललो. तुमी मोठे लोक. तुमचाच अर्ज हाय, तुमाला म्हायती असेल, असं वाटलं मला."

मी वहिनीविरुद्ध एक निवेदन लिहायला घेतले होते. सवयीने. दोन परिच्छेद झाले. मग ध्यानात आले की तिला वाचता येत नाही आणि ते मलाच तिला वाचून दाखवावे लागेल. मी कागद फाडला. पत्नीला मात्र मी माझ्या शंका शब्दांत सांगितल्या आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, "कळलं होतं मला. तुमच्या त्या वहीत माझं नाव कितव्या नंबरवर हाय तेवढं सांगा." पाचव्या, असे मी सांगितले. "मग बरं," ती म्हणाली आणि पाणी ठेवायला उठली. भांड्याला कुलूप लावले नाही, तरी त्या दिवसापासून वहिनी त्याच्या आसपास फिरकली नाही. ती कुंडावर जाते, हात जोडते, रिकाम्या हाताने परत येते.

शंभरावा दिवस पार पडला. पाणी अजून उकळूनच पितो. आता प्रकरणाचा निवाडा. लोकांच्या श्रद्धेला मी कायद्याची भाषा दिली, हा माझा दोष. तो मी ग्रामसभेत उभे राहून, सर्वांसमक्ष कबूल केला आहे. इतिवृत्तात तो नोंदला आहे की नाही याचीही मी खात्री करून घेतली आहे. वहिनीचा दोष मायेचा आहे आणि त्यास माझ्याजवळ कलम नाही. शिपायाने आपला दोष तोंडाने कबूल केला. परंतु ज्या अधिकाऱ्याने अर्ज मान्य करून पावडर थांबवली, गावाला मात्र "हे पाणी शुद्ध केलेले नाही" असे एका शब्दाने सांगितले नाही, आणि वर "नोंदी नियमित ठेवाव्यात" असा शेरा मारला, आणि ज्यांनी त्यांच्यामागून येऊन तो शेरा वर्षानुवर्षे पाळला, त्यांच्याकडून माझ्या अकरा पत्रांना उत्तर नाही. अर्ज नाकारण्याचा अधिकार त्यांना होता. तो मान्य करून तसे फलकावर लिहिण्याचाही होता. तसे लिहिले असते, तर वहिनीने निदान पेला भरताना एकदा विचार केला असता.

शेरा मारणारे गृहस्थ निवृत्त होऊन महाडला राहतात आणि सुखरूप आहेत. त्यांना माझे जाहीर आवाहन आहे, आणि हे बारावे पत्र समजावे. आमच्या वाडीच्या येत्या ग्रामसभेत त्यांनी समक्ष यावे, ती नोंदवही हातात घेऊन आमच्या माणसांसमोर उभे राहावे आणि एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे: त्या वर्षांत वाडीतली लहान मुले, बाळंतिणी आणि आजारी माणसे जे पाणी प्यायली, ते तुम्ही स्वतः प्यायला असता काय?