सफरचंदांशेजारी ठेवलेले कंद

लग्न ठरलं तेव्हा मी बायकोला एकच वचन दिलं होतं. एखाद्या वसंतात काश्मीरला नेईन. तिने कुठल्याशा मासिकातून एक फोटो कापून ठेवला होता, बर्फ वितळता वितळता मातीतून डोकं काढणाऱ्या बोटभर फुलांचा. मी तेव्हा जहाजावर ज्युनिअर इंजिनिअर होतो. म्हटलं, त्यात काय मोठंसं, पुढच्या सुट्टीत जाऊ.

ती पुढची सुट्टी आली नाही असं नाही. बऱ्याच आल्या. कधी कॉन्ट्रॅक्ट लांबलं, कधी जहाज बंदराबाहेर अडकलं, कधी मुलीची परीक्षा. एकदा तर तिकिटं हातात होती आणि कंपनीचा फोन आला. मी बॅग भरली, पण दुसऱ्या दिशेने. बायको बोलली नाही. तिचं न बोलणं मला ओरडण्यापेक्षा जड जातं, हे मी आजवर तिला सांगितलेलं नाही.

मग मी सिंगापूरला किनाऱ्यावरची नोकरी धरली. जहाजांवरच्या रेफ्रिजरेशनची कामं बघायची, म्हणजे फळं, मासे, औषधं नेणाऱ्या थंड कंटेनरांची. बुकित बातोकला बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आता वेळ होता, सुट्टी होती, आणि नेमकं तेव्हाच बायकोचं फुप्फुसांचं दुखणं निघालं. औषधांनी ती चालती-बोलती राहिली, घर सांभाळते, मला टोमणे मारते, सगळं ठीक आहे. पण डॉक्टर स्पष्ट म्हणाले, उंचावर जायचं नाही. काश्मीरचं नावही काढू नका.

घरी येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ती म्हणाली, "बरं झालं. आता तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही."

ती हसत म्हणाली. मला मात्र ते फार लागलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच किडा शिरला: हिला नेता येत नसेल, तर ती फुलं तरी हिच्यापर्यंत आणायची. या एका बाबतीत तरी मला खोटं ठरायचं नव्हतं.

वाचायला लागलो तेव्हा कळलं, या फुलांना ऊन आणि पाणी पुरत नाही, आधी हिवाळा लागतो. कंद तीन-साडेतीन महिने थंडीत राहिला तरच त्याला वसंत आला असं वाटतं. आणि आम्ही राहतो विषुववृत्ताच्या उंबऱ्यावर. पण थंडी तयार करणं हेच तर माझं पोटापाण्याचं काम! मी एक जुना फ्रिज आणला, आतला दिवा काढला, थर्मामीटर लावला, आणि इथल्याच एका विक्रेत्याकडून हॉलंडचे कंद मागवले. केशराच्या कुळातले जांभळे, पिवळे क्रोकस आणि बुटके निळे आयरिस. सगळी डोंगराळ मुलखातली बिऱ्हाडं, तिच्या फोटोतल्यासारखी बोटभर उंचीची. रेती मिसळलेल्या मातीत ते कुंड्यांमध्ये लावले आणि कुंड्या फ्रिजमध्ये ठेवल्या. दाराला जहाजावरच्यासारखं लॉगबुक टांगलं. सकाळ-संध्याकाळ तापमान, सही.

"पपा, फ्रिज आहे तो, शिप नाही लाह," मुलगी म्हणाली. ती इथल्या युनिव्हर्सिटीत शिकते, इथल्या लोकांसारखं वाक्यामागे 'लाह' लावते आणि माझ्याकडे दयेने बघते.

"राहू दे गं," बायको म्हणाली. "निदान हे जहाज घरात आहे."

डिसेंबरात मार्गशीर्ष लागला. बायको दर गुरुवारी महालक्ष्मीचा घट मांडते, पुढे पाच फळं ठेवते, आणि शेवटच्या गुरुवारी सवाष्णींना बोलावून हळदीकुंकवासोबत एकेक फळ देते. तिने मला सफरचंदं आणायला सांगितली. मी कधी चार-सहा वस्तू आणतच नाही. जहाजावरची खोड, एकदाच भरपूर भरून ठेवायचं. चारही गुरुवारांना पुरेल असा खोकाच उचलून आणला. स्वयंपाकघरातल्या फ्रिजात इडलीचं पीठ, खवलेला नारळ, भाज्या, बोट घालायला जागा नव्हती. मी ऐटीत खोका माझ्या फ्रिजात ठेवला. सफरचंदाला हेच तापमान लागतं, असं भाषणही दिलं.

फेब्रुवारीत कुंड्या बाहेर काढल्या. हिरवी पाती टरारून वर आली. मी रोज वाकून बघायचो. मग कळ्या दिसल्या, आणि दिसल्या तशाच सुकल्या. कागदासारख्या, तपकिरी. एक नाही, दोन नाही, सगळ्या. बोट लावलं की चुरा व्हायचा.

माझा पारा चढायला वेळ लागत नाही. मी घर डोक्यावर घेतलं. "दर गुरुवारी सफरचंद काढायला दार सताड उघडं ठेवायचीस तू! तापमान हललं! तीन महिन्यांची मेहनत मातीत!" आणखीही बोललो. तिच्या देवापर्यंत गेलो. ते इथे लिहीत नाही, लाज वाटते.

बायकोने ऐकून घेतलं. कुंड्या उचलून गॅलरीत नेऊन ठेवल्या आणि भाजी निवडायला बसली. आठवडाभर आमच्यात जेवायला या, दिवा लावला, कचरा टाकलात का, याच्यापलीकडे बोलणं नव्हतं.

त्याच आठवड्यात एका जहाजावर गेलो होतो. तिथल्या लोकांनी उरलेली सफरचंदं किवीच्या कंटेनरमध्ये भरायचं ठरवलं होतं. मी ओरडलो, "अहो, काय करताय? पिकलेलं फळ गॅस सोडतं. बंद जागेत शेजारचा सगळा माल खलास होईल. हे मी तुम्हाला शिकवायचं?"

वाक्य संपलं आणि मी तसाच उभा राहिलो. समोरचा माणूस मी पुढे काय बोलतो याची वाट बघत होता. पंचवीस वर्षं जे पोटापाण्यासाठी केलं, लोकांना शिकवलं, तेच मी घरी विसरलो होतो. फळांच्या गॅसने कळ्या आतल्या आत मेल्या होत्या. दाराचा काही संबंध नव्हता. आणि खोका ठेवणारा मी होतो.

घरी आलो तेव्हा ती पोळ्या लाटत होती. मी बूटही काढले नव्हते. म्हटलं, "चुकलो. सफरचंदांनी केलं ते. म्हणजे मी केलं. तुला उगाच बोललो."

लाटणं थांबलं नाही. पोळी तव्यावर टाकत ती म्हणाली, "लॉगबुकात लिहा."

मी लिहिलं. लाल शाईने, तारखेसकट, खाली सही. तिने चष्मा लावून वाचलं, मान हलवली आणि मला गरम पोळी वाढली.

पुढच्या ऑक्टोबरात कंद मागवायचा मला धीर होईना. पुन्हा फसलं तर तिच्यापुढे काय तोंड दाखवायचं? तिनेच विचारलं, "यंदा हिवाळा नाही का?" मग मागवले. मार्गशीर्षात तिने सवाष्णींना फळाऐवजी नारळ दिले. का, ते कुणाला सांगितलं नाही. माझ्या फ्रिजवर मात्र तिच्या अक्षरात एक चिठ्ठी लागली: फळांना मनाई. त्या साडेतीन महिन्यांत त्या दाराला तिने हातसुद्धा लावला नाही.

या फेब्रुवारीत कळ्या आल्या. हिरव्या, टणक, जिवंत. इथल्या उकाड्यात ही फुलं तासाभरात माना टाकतात, म्हणून कुंड्या बेडरूममध्ये खिडकीशी ठेवल्या आणि एसी जितका खाली जाईल तितका नेला. आम्ही दोघं शाली गुंडाळून खुर्च्या टाकून बसलो. बाहेर लोक घामाने निथळत होते. मुलगी दारातून डोकावली, "सो कोल्ड लाह," म्हणाली आणि पळाली.

अकराच्या सुमाराला खिडकीतून ऊन आलं आणि पहिला क्रोकस हलला. खरंच हलला, डोळ्यांदेखत पाकळ्या सुट्या झाल्या. आत केशरी जीभ. मग दुसरा, मग पिवळा. बायको पुढे वाकली. बोलली नाही, पण हे न बोलणं वेगळं होतं. मी कुंडी उगाच जराशी उन्हाकडे सरकवली.

तेवढ्यात फोन वाजला. ऑफिस. नांगर टाकलेल्या एका जहाजावर दोन कंटेनर तापायला लागले होते, तिकडे नेणारी लाँच दोनला सुटणार होती. बायकोने माझ्याकडे बघितलंही नाही. उठली, कपाट उघडलं आणि माझा कामाचा शर्ट काढून पलंगावर ठेवला. इतक्या वर्षांची सवय.

मी फोनवर म्हणालो, "आज माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्याला पाठवा. त्याला सगळं येतं. मी उद्या सकाळी येतो. आज मी घरी आहे."

फोन ठेवला. ती शर्टाजवळ तशीच उभी होती. मग आली आणि तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"बरं वाटत नाहीये का?"

"बरा आहे."

तिने शर्ट पुन्हा कपाटात टांगला, शाल सारखी केली आणि खुर्चीत येऊन बसली.

"निळं उघडायचंय अजून," ती म्हणाली. "थांबा."