रोजची छाटणी

हिंजवडीच्या सिग्नलला परवा एक बाई पानाच्या द्रोणात तुती विकत होती. कंपन्यांच्या गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या, आणि धुरातून तो आंबटगोड, किंचित नासल्यासारखा वास थेट माझ्या खिडकीत आला. मी काच खाली केली आणि लगेच वर घेतली. तोंडाला पाणी सुटलं होतं, पण हात पुढे होईना.

जवळच नांदे गावात आमच्या इमारतीच्या भिंतीला लागून एक शेतकरी घर आहे. शेत विकलं गेलं; अंगण उरलं, त्यात तुतीचं झुडूप उरलं आणि सगळे ज्यांना मामा-मामी म्हणतात ते म्हातारे नवरा-बायको उरले. तुतीचा स्वभाव मोठा मजेदार. जुन्या फांदीवर ती रुसून बसते. थंडीत गुडघ्याएवढी छाटली, पानं ओरबाडली, की नव्या फुटीबरोबर फळांनी लगडते. मामांची छाटणी म्हणजे तर नाटकच. धोतराचा काचा मारायचा, झुडपाभोवती पैलवानासारखी फेरी घालायची, "लई माजलीस" म्हणून दम भरायचा आणि मग कात्री चालवायची. मी गॅलरीतून टाळ्या वाजवायचो. ते कमरेत वाकून मुजरा करायचे.

एका वर्षी हा प्रयोग दुसऱ्या दिवशी पुन्हा झाला. तिसऱ्या दिवशीही. तोच काचा, तीच फेरी, तोच दम. मला आधी गंमत वाटली. मग मुजरा करून वर बघत त्यांनी विचारलं, "पाव्हणं कुठलं?" आणि माझ्या टाळ्या हातातच राहिल्या.

छाटलेलं त्यांना आठवत नव्हतं. हात मात्र काही विसरले नव्हते. कोंब दिसला की कापायचे, इतक्या सफाईनं की बघत राहावं. फळ धरायला तुतीला सवडच मिळेना. अखेर त्यांच्या मुलानं कात्री माळ्यावर लपवली. त्या दिवशी मामा अंगणभर फिरले, पायरीवर टेकले आणि मामींना म्हणाले, "बाई, हे कुणाचं घर हाय? मला माझ्या घरी सोडता का?"

मामींनी माळ्यावरून कात्री काढून त्यांच्या हातात दिली.

"आई, झाड मरंल," मुलगा म्हणाला.

"मरू दे. मी काय झाडाची बायकू हाय?"

मामा पावसाळ्यात गेले. पुढच्या माघात मामींनी भिंतीवरून वाडगा पुढे केला, काळ्याभोर तुतींनी काठोकाठ भरलेला.

"न्या, भाऊ. पोरानं एकदाच छाटली, लई लागल्यात यंदा." मग पदरानं बोटं पुसत म्हणाल्या, "ह्ये असते तर एक बी लागली नसती."

मी एक तोंडात टाकली. गोड होती. झाडाला काही ठाऊक नसतं, ऋतू आला की ते आपलं फळतं. त्याच्यावर रागावून काय करायचं? भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं तो भरला वाडगा धरून उभे होतो, आणि दोघांनाही हवं होतं ते बोडकं झुडूप.