पाणी पोचल्याशिवाय खोरं खांद्यावर घ्यायचं नाही

सुनीता वहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका जळालेल्या मोटारीची तार उकलत बसलो होतो. नांदेडला आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान, अब्बांच्या काळापासूनचं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "नजीर भावजी, गेले हो तुमचे दोस्त..."  लातूरच्या दवाखान्यात त्यांचा नवरा, माझा मित्र बालाजी गेला, त्याला आता काही आठवडे झाले. माणूस गेला की लोक विचारतात, मागं काय ठेवलं? शेत किती, घर कुणाच्या नावावर? माझ्या मित्राच्या बाबतीत हा हिशेब जरा अवघड आहे. त्यानं जन्मात जे सगळ्यात मोठं काम केलं, ते जाण्याआधी स्वतःच्या हातानं स्वतःच्या नावावरून काढून टाकलं. आणि मला अभिमान वाटतो तो नेमका त्याचाच.

नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर आलो. तो रेणापूर तालुक्यातल्या खेड्यातला, मी शहरातला आणि शहराचा तोरा मिरवणारा. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं, "तुमचं मोटारीचं दुकान हाय म्हनं? मंग हितं कशाला यायलास? दुकानातच शिक की." त्या दिवसापासून तो दर सुट्टीत आमच्या दुकानात पडीक. दाराजवळचं लोखंडी स्टूल त्याचं ठरलेलं. अब्बांना प्रश्न विचारून विचारून भंडावायचा. अब्बा मला म्हणायचे, "ये तेरे से ज्यादा शाना है रे." हे मला आजही पूर्णपणे मान्य नाही, पण अब्बांशी वाद कोण घालणार!

त्याच्या गावी पहिल्यांदा गेलो तेव्हा हरभऱ्याला पाणी चाललं होतं. विहीर भावकीची, सामाईक. प्रत्येकाची बारी, म्हणजे पाळी, ठरलेली. बालाजीचे वडील, आबा, त्यांची बारी संपली तेव्हा त्यांनी पाटातून आपल्या वाफ्यात येणारं पाण्याचं दार मातीनं बुजवलं, खोऱ्यानं पुढच्याचं दार फोडलं आणि पाटाच्या कडेनं चालत निघाले. मला वाटलं, झालं, आता घरी जाऊन जेवू. पण आबा मधेच थांबून ओरडले, "आलं का हो?" उत्तर नाही. पुन्हा चालले, पाणी गिळणारं एक खेकड्याचं बीळ पायानं दाबलं, पुन्हा हाक. पार लांबच्या वाफ्यातून चुलतभावाचा आवाज आला, "आलं!" तेव्हा कुठं आबांनी खोरं खांद्यावर घेतलं. मी भुकेनं वैतागलो होतो. म्हणालो, काका, दार फोडलं, तुमचं काम संपलं. आबा हसले. "पानी वाटंतच फुटलं तर ते ना माझं, ना त्याचं. त्यानं आलं म्हनल्याबिगर माझी बारी सरत न्हाई."

भांडणं तरीही व्हायचीच, आणि त्यांचं मूळ लाइटीत होतं. एक आठवडा लाइट दिवसा, एक आठवडा रात्री, आणि मधेच गुल. ज्याच्या बारीत लाइट गेली त्याचं पाणी बुडालं. एकदा चुलतभावांत काठ्या निघाल्या, आणि बालाजी चिडून आमच्या दुकानात येऊन बसला. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यानं 'बारी' नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. हिस्सेदार कोण, रान किती, लाइटीचं वेळापत्रक काय, एवढं सांगितलं की बाऱ्या लागायच्या, आणि लाइट गेली तर ज्याचं बुडालं त्याला ते पुढं आपोआप भरून मिळायचं. कुठली मोटार किती खोलीवरून तासाला किती पाणी ओढते, तो भाग माझा. तो मात्र मी उत्तम लिहिला, हे बालाजीनंही कबूल केलं होतं.

'बारी' त्यानं विकली नाही. कुणीही न्यावी, उघडून पाहावी, बदलावी, बदल चांगला असला तर परत आणून द्यावा, असा रिवाज ठेवला. आधी तालुक्यात, मग जिल्ह्यात, मग कुठल्या कुठल्या देशांत ती गेली. वाळवंटाच्या कडेला खजुराच्या बागांना पाणी देणारे लोक तिच्यात भर घालू लागले. रेणापूरच्या विहिरीवरचं भांडण मोरोक्कोत मिटायला लागलं, आणि बालाजी लातूरच्या एका कॉलेजात शिकवत, फटफटीवर फिरत, तसाच राहिला.

वेबसाइट, सर्व्हर असा 'बारी'चा सगळा संसार पुण्यातल्या एका संस्थेच्या आसऱ्यानं चालायचा. दोनेक वर्षांपूर्वी संस्थेनं कळवलं की आम्ही हे काम बंद करतोय, तुमचं बिऱ्हाड हलवा. अशाच मोकळ्या सॉफ्टवेअरची कामं सांभाळणारं एक परदेशी फाउंडेशन घ्यायला तयार झालं, पण त्यांच्या अटी कडक. नाव, वेबसाइटचा पत्ता, चाव्या म्हणजे पासवर्ड, सगळं फाउंडेशनकडे. शेवटचा शब्द कुणा एकाचा नाही, सांभाळणारे वेगवेगळ्या ठिकाणचे हवेत, आणि आजवर ज्यानं ज्यानं काही लिहिलं त्या प्रत्येकाची संमती. मी भडकलो. "लेकरू आपलं आणि दत्तक द्यायचं?" बालाजीच्या किडन्या तोवर खराब झाल्या होत्या, डायलिसिस सुरू होतं. तो शांतपणे म्हणाला, "यार नजीर, हीर भावकीची हाय. म्या नुस्ता दार धरून बसलाव. उद्या मी दारातच आडवा झालो तर पानी कुनीकडं जाईल?"

संमत्या आल्या भराभर. अडली एकच, बिलोलीच्या अनिता मॅडमची. शाळेत गणित शिकवतात. दोन शेजाऱ्यांना बाऱ्यांची अदलाबदल करता येईल असा सुंदर भाग त्यांनी लिहिला होता. पण बालाजीनं प्रत्येक ओळीत हात घातला, तेव्हा त्या वैतागून निघून गेल्या होत्या. आता मेलला उत्तर देईनात. डॉक्टरांना न सांगता बालाजी माझ्या गाडीत बसला, आणि आम्ही बिलोलीला गेलो. चहा झाला. बालाजी म्हणाला, "मॅडम, सही मागाया आलो न्हाई. बारी घ्या म्हनाया आलो. तुमी सांभाळा." मॅडमनी रिकामे कप उचलून ठेवले. मग म्हणाल्या, "सर, घेते. पण तुम्ही मधे मधे हात घालनार न्हाईत हे अगुदर सांगा." मी हसू दाबत छताकडे बघितलं. बालाजी म्हणाला, "हाव. शब्द दिला."

कागद झाले, चाव्या गेल्या, अभिनंदनाचे मेल आले. मी पेढे घेऊन लातूरला गेलो तर हा पेढ्याला हात लावेना. पथ्य असेल म्हणून मी डबा बंद केला, तर म्हणाला, "दार फोडलंय नुस्तं. त्यांनी कुटं आलं म्हनलंय?"

मॅडमनी पहिली नवी आवृत्ती काढली त्या दिवशी मी पुन्हा पेढे घेऊन त्याच्याजवळ होतो. दंडात सुया, शेजारी मशीन, हातात मोबाइल. तासाभरात तक्रारी यायला लागल्या. नव्या आवृत्तीत लाइटीचं वेळापत्रकच उतरेना. लोक वेळापत्रक आधीच उतरवलेली जुनी आवृत्ती वापरत राहिले, त्यामुळं कुणाचं पीक वाळलं नाही, पण तिकडं गोंधळ उडाला. बालाजीनं एकदा वाचलं आणि डोळे मिटले. त्याला चूक कळली होती. वेळापत्रक कुठून उतरवायचं म्हणून कधी काळी त्यानंच एका कोपऱ्यात पुण्याच्या संस्थेच्या सर्व्हरचा पत्ता लिहून ठेवला होता, आणि तो पत्ता आता बंद होता. "अरे मग सांग की त्यांना!" मी जवळजवळ ओरडलोच. नर्सनं माझ्याकडे रागानं बघितलं. तो म्हणाला, "खेकड्याचं बीळ हाय ते. घावंल तिला. आज म्या सांगितलं, अन् उद्या दुसरं फुटलं तर ती कुनाला इचारंल?" मला त्याचा राग आला, आणि मग त्या वाक्याचा अर्थ कळला, तेव्हा मी उठून खिडकीशी गेलो... चार तास तो माणूस बोलला नाही. ज्याला स्वतःच्या प्रोग्रॅममधला एक स्वल्पविराम दुसऱ्यानं हलवलेला खपत नसे, तो सुया टोचून घेऊन, शब्दाला जागून, गप्प पडून होता. त्याच्याइतका ताठ मानेचा माणूस मी त्या दिवसाआधी बघितला नव्हता.

दुपार कलली तेव्हा मोबाइल वाजला. मॅडमनी दुरुस्त आवृत्ती काढली होती, आणि बालाजीला वेगळा मेसेज केला होता. एकच शब्द. "आलं." बिलोलीच्या घरात चहा पिताना त्यानं त्यांना आबांची गोष्ट सांगितली होती, ती त्यांनी लक्षात ठेवली. बालाजीनं मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आता दे पेढा." अर्धा खाल्ला, अर्धा मला दिला. आमची ती शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात मीही माझा मोटारीचा भाग दिला, मोरोक्कोतल्या एका गृहस्थाला. माझे डोळे आता पूर्वीसारखे चालत नाहीत, आणि दत्तक द्यायला विरोध करणाऱ्या माणसानं कधीतरी शहाणं व्हायला पाहिजे. सगळं समजावून सांगितलं, आबांची गोष्टही सांगितली, चावी दिली आणि शेवटी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, "आलं का हो?" दुकान बंद करायची वेळ झाली होती. अम्मीचा जेवायला दोनदा फोन आला. मी उठलो नाही. दाराजवळ ते लोखंडी स्टूल रिकामं होतं, त्याच्याकडे बघत बसून राहिलो. मग पडद्यावर उत्तर उमटलं. त्या भल्या माणसानं कुठून तरी शोधून, आपल्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं, "आलं."

मी स्टुलाकडे वळून मोठ्यानं म्हणालो, "बालाजी, आलं रे."